जुना पिकअप घेऊन दुरुस्त करायचा, तर शेवरोले ३१०० की फोर्ड एफ-१?

१९५० च्या आसपासचे हे दोन्ही अमेरिकन पिकअप देखणेच. फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-८ चा (झडपा ब्लॉकमध्येच असलेल्या आठ सिलिंडरच्या इंजिनाचा) आवाज ऐकला की माणूस तिथंच विरघळतो. पण त्याच्या एक्झॉस्टच्या वाटा ब्लॉकमधल्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागातल्या, पाण्याला लागूनच जातात, म्हणून इंजिन लवकर तापतं. ब्लॉकला तडा नाही ना, हे तपासूनच पैसे मोजा.

शेवरोलेचं २१६ घनइंची, सहा सिलिंडरचं इंजिन साधं, शांत. त्याच्या कनेक्टिंग रॉडमध्ये (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्यात) बेअरिंग म्हणून बॅबिट हा मऊ धातू ओतलेला असतो. तो नव्यानं ओतणारा कारागीर शोधावा लागतो. तरी बरं, शेवरोलेचंच १९५४ पासूनचं, सुट्या, बदलता येणाऱ्या बेअरिंगचं २३५ घनइंची इंजिन थोड्या फेरफारांनी तिथं बसतं. शिवाय हौद्यात लाकडी फळ्या आणि मधून पोलादी पट्ट्या; त्या फळ्यांना स्वतः तेल पाजण्याचं सुख काही औरच! पहिल्यांदाच हात घालणाऱ्याला मी शेवरोलेच घ्यायला सांगेन.