मूळ स्टार ट्रेक, नेक्स्ट जनरेशन की बॅबिलॉन ५: ब्लू-रेवर आधी काय घ्यावं?

घरात मोठा टीव्ही आला की जुन्या डीव्हीडी मनातून उतरतात. वीस वर्षांपूर्वी ज्या चित्रात काही खटकत नव्हतं, तेच आता धुरकट दिसतं आणि यानांच्या कडा कुरतडल्यासारख्या वाटतात. स्टार ट्रेकची मूळ मालिका, तिचीच पुढची मालिका नेक्स्ट जनरेशन आणि बॅबिलॉन ५ या तिन्ही अमेरिकी अंतराळ-मालिका आता ब्लू-रेवर आहेत, पण तिन्ही संच एकदम घेणं खिशाला झेपत नाही. माझं उत्तर आधीच सांगते: नेक्स्ट जनरेशन घ्या. मात्र त्यामागचं कारण समजून घ्या, कारण तुमची गरज वेगळी असेल तर उत्तरही बदलेल.

सगळ्यात आधी, मालिकेच्या वयावर जाऊ नका. १९६६ ची मूळ मालिका एचडीत सहज आली, १९८७ च्या नेक्स्ट जनरेशनला त्यासाठी प्रचंड कष्ट पडले आणि १९९४ ची बॅबिलॉन ५ अजूनही अर्धीच आली आहे. खरं तर तिन्ही ३५ मिमी फिल्मवर चित्रित झालेल्या, आणि त्या निगेटिव्हमध्ये एचडीला पुरून उरेल इतका तपशील असतो. फरक पडतो तो चित्रीकरणानंतरच्या कामाने. मूळ स्टार ट्रेकचं संकलन फिल्मवरच झालं, इफेक्ट्सही ऑप्टिकल प्रिंटरने, म्हणजे एका फिल्मवरचं चित्र दुसऱ्या फिल्मवर घेणाऱ्या यंत्राने, फिल्मवरच उतरवले गेले. त्यामुळे पूर्ण झालेला भाग फिल्मवर हातात होता. तो साफ करून स्कॅन करायचा, एवढंच काम. ऐंशीच्या दशकात वेळ आणि पैसा वाचवायला वेगळी वाट निघाली. चित्रीकरण फिल्मवर, पण संकलन, इफेक्ट्स, श्रेयनामावली हे सगळं व्हिडिओटेपवर. अमेरिकी टेपवरच्या चित्रात जेमतेम ४८० ओळी. म्हणजे नेक्स्ट जनरेशनचा तयार भाग फिल्मवर कधी नव्हताच, जे होतं ते टेपवर. अशी टेप तुम्ही कितीही मोठी करा, त्यात नसलेला तपशील येत नाही. मशीन मधल्या जागा अंदाजाने भरतं. त्यालाच अपस्केल म्हणतात.

मूळ मालिका: ७९ भाग, आणि निवड तुमच्या हातात

आपल्याकडे अनेकांची स्टार ट्रेकशी ओळख दूरदर्शनवर रविवारी सकाळी झाली, तीही बऱ्याच घरांत कृष्णधवल टीव्हीवर. त्यांनी हा संच लावला तर रंगच अंगावर येतील. लाल, निळे, सोनेरी गणवेश आणि परग्रहांचं जांभळं आकाश, सगळं टवटवीत आहे.

२००६ मध्ये या मालिकेचे अंतराळातले इफेक्ट्स संगणकावर नव्याने केले गेले. जुने जपणारे तेव्हा चिडले होते, पण २००९ मध्ये आलेल्या ब्लू-रेवर हा वाद सुटला. जुने इफेक्ट्स हवेत की नवे, हे पाहताना तुम्ही ठरवता. मला ही सोय फार मोलाची वाटते. माझा कल जुन्याकडे आहे. ऑप्टिकल प्रिंटरवर एकावर एक थर चढवताना चित्रात कण वाढतात, कधी धूळही दिसते, पण त्या यानाची प्रतिकृती खरोखर कॅमेऱ्यासमोर होती हे जाणवतं. २००६ चं संगणकचित्रण आज मला काही ठिकाणी गुळगुळीत, निर्जीव वाटतं. अपवाद ‘द डूम्सडे मशीन’ या भागाचा. तिथे नव्या इफेक्ट्सनी खरंच भर घातली आहे.

एका गोष्टीची तयारी ठेवा. एचडीत मारामारीच्या प्रसंगात नायकाऐवजी दुसराच माणूस लढतोय हे स्पष्ट दिसतं, आणि मागचं आकाश रंगवलेला पडदा आहे हेही. मला ते आवडतं; तुमचा त्याने रसभंग होत असेल तर डीव्हीडीवरच समाधान माना.

नेक्स्ट जनरेशन: जिथे मालिका पुन्हा उभी केली

इथे झालेलं काम नुसतं डागडुजीचं नाही. १७८ भागांसाठी गोदामातून निगेटिव्हची २५ हजारांहून जास्त रिळं काढली गेली. जुन्या टेपवरचा भाग समोर ठेवून त्यातला प्रत्येक शॉट कोणत्या रिळात आहे हे शोधायचं, तो स्कॅन करायचा आणि मूळ संकलनाशी फ्रेम जुळवत पूर्ण भाग नव्याने बांधायचा. सात सीझन असं चाललं. पहिला सीझन २०१२ मध्ये आला, शेवटचा २०१४ च्या अखेरीस.

इफेक्ट्सची गोष्ट याहून सुंदर आहे. एंटरप्राइझ यानाची प्रतिकृती मोशन कंट्रोल कॅमेऱ्याने एकाच मार्गावरून पुन्हा पुन्हा चित्रित केलेली असायची: एकदा यानाचं अंग, एकदा फक्त खिडक्यांतले दिवे, एकदा नुसती कडांची आकृती. हे थर पूर्वी टेपवर एकत्र केले जात. पण थर स्वतः फिल्मवर होते, आणि कुणीतरी ते जपून ठेवले होते. ते नव्याने स्कॅन करून पुन्हा एकत्र केले. त्यामुळे आज पडद्यावर दिसते ती तीच प्रतिकृती, तोच प्रकाश, फक्त कुणी पाहिला नव्हता इतका तपशील. यानाच्या पाठीवरच्या पट्ट्यांचे वेगवेगळे रंग मला पहिल्यांदा इथे दिसले. जे मुळातच व्हिडिओवर बनलेलं होतं, म्हणजे फेझर या शस्त्राचे किरण, अनेक ग्रह, ‘डेटालोर’ या भागातला स्फटिकाचा जीव, ते जुन्याचा मान राखून नव्याने रचलं. मालिकेच्या मूळ चमूतले मायकल आणि डेनिस ओकुडा सल्लागार होते, आणि ते काम पाहताना जाणवतं.

उणिवाही आहेत. दुसरा सीझन बाहेर करायला दिला होता, तो बाकीच्यांच्या मानाने थोडा कमी उतरला आहे. मोजके शॉट मूळ फिल्म न सापडल्याने अपस्केल करून घातले आहेत. डोळा सरावला की ते ओळखू येतात. चित्र ४:३ मध्येच, जुन्या टीव्हीच्या चौकोनी चौकटीतच आहे, म्हणजे टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. याबद्दल कुरकुर होते, पण मला हा निर्णय अगदी योग्य वाटतो. चित्रीकरण त्याच चौकटीसाठी झालं होतं. बाजूंना चौकट वाढवली तर सेटची कड आणि दिव्यांचे स्टँड दिसू लागतात, आणि वरखाली कापली तर माणसांची डोकी जातात.

भारतात अनेकांकडे पाल पद्धतीच्या डीव्हीडी आहेत. त्यात २४ फ्रेमची फिल्म सेकंदाला २५ फ्रेमने पळते, म्हणजे सगळं चार टक्के वेगाने. ४५ मिनिटांचा भाग ४३ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टीही बहुधा चढते. ब्लू-रेवर मालिकेचा नायक पॅट्रिक स्टुअर्टचा आवाज आपल्या जागी परत येतो. माझ्यासाठी पैसे वसूल व्हायला एवढंही पुरेसं होतं.

बॅबिलॉन ५: गोष्ट पहिल्या क्रमांकाची, चित्र तिसऱ्या

या मालिकेला नशिबाने दगा दिला. निर्मात्यांनी पुढचा विचार करून रुंद पडद्याला चालेल असं चित्रीकरण केलं, पण अंतराळातली दृश्यं संगणकावर बनत होती, सुरुवातीला अमिगा संगणकांवर, आणि ती ४:३ च्या चौकटीत, टीव्हीच्या साध्या स्पष्टतेतच तयार झाली. ही दृश्यं फिल्मवर नाहीत. त्यांच्या मूळ संगणकीय फाइलीही नीट जपल्या गेल्या नाहीत. त्यामुळे नेक्स्ट जनरेशनसारखे थर पुन्हा जुळवायची वाटच बंद झाली.

डीव्हीडी काढताना मालिका रुंद करायची म्हणून हे इफेक्ट्स वरून-खालून कापून ताणले. नट आणि संगणकचित्र एकाच शॉटमध्ये असलं की तो अख्खा शॉट फुटल्यासारखा दिसायचा. २०२१ मध्ये नवी आवृत्ती आली, २०२३ च्या डिसेंबरमध्ये तीच ब्लू-रेवर. तिच्यात मालिका ४:३ वर परत नेली, नटांची दृश्यं निगेटिव्हवरून नव्याने स्कॅन केली आणि इफेक्ट्स अपस्केल केले. लोंडो आणि जी’कार या परग्रहवासी पात्रांचे चेहरे, त्यांच्या मेकअपचं पोत, आता थक्क करतं. मग खिडकीबाहेर यान जातं आणि चित्र क्षणात मऊ पडतं. ११० भाग हा चढउतार चालू राहतो.

मी मालिका पाहिलेली होती, म्हणून हा संच शेवटी घेतला. पण ज्याने ती पाहिलीच नाही, त्याला मी वरचा सगळा हिशोब मोडून हीच आधी घ्यायला सांगेन. पाच वर्षांची एकच सलग कथा आहे, आणि तिला याहून चांगल्या रूपात पाहायची सोय आज नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात

डीप स्पेस नाइन आणि व्हॉयेजर या स्टार ट्रेकच्या पुढच्या मालिका ब्लू-रेवर येण्याची वाट पाहत डीव्हीडी घ्यायचं टाळू नका. दोन्ही फिल्मवर चित्रित आणि टेपवर पूर्ण झालेल्या, म्हणजे नेक्स्ट जनरेशनइतकंच काम लागणार. आणि नेक्स्ट जनरेशनच्या संचांची विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. डीप स्पेस नाइनवरच्या २०१९ च्या माहितीपटात तिची काही दृश्यं एचडीत दिसली. ती पाहून जीव हळहळतो.

डॉक्टर हू या ब्रिटिश मालिकेच्या जुन्या भागांचे ब्लू-रे संच म्हणजे मुख्यतः अपस्केल. स्टुडिओतलं काम व्हिडिओटेपवर आणि बाहेरचं १६ मिमी फिल्मवर होत असे, त्यामुळे टेपमध्ये एचडी सापडणार नाही. अपवाद ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’ या १९७० च्या कथेचा. बीबीसीतल्या संपामुळे ती पूर्णपणे फिल्मवर चित्रित झाली, आणि म्हणून ब्लू-रेवर खरोखर एचडीत दिसते.

पैसे भरण्याआधी रिजन कोड, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेयरवर चालेल ते सांगणारी खूण, बघा. ब्लू-रेमध्ये भारत सी रिजनमध्ये येतो, अमेरिका ए, युरोप बी. माझा एक परदेशातून मागवलेला संच तीन आठवड्यांनी आला आणि प्लेयरने पहिलीच डिस्क नाकारली. विकणाऱ्याने पानावर रिजनचा उल्लेखच केला नव्हता. काही संच सगळीकडे चालतात, पण हे त्या विशिष्ट आवृत्तीबद्दल विचारून घ्या.

नेक्स्ट जनरेशन घेतलीत तर पहिल्या भागापासून सुरुवात करू नका. तिसऱ्या सीझनमधला ‘यस्टरडेज एंटरप्राइझ’ लावा, खोलीतले दिवे मालवा आणि शेजारी जुनी डीव्हीडी असेल तर तोच भाग तिच्यावरही पाच मिनिटं बघा.