'द डार्क साइड ऑफ द मून' : सात महिने ऐकल्यानंतर लागलेला अर्थ

पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा हा अल्बम मार्च १९७३ मध्ये आला. दहा ट्रॅक, साधारण ४३ मिनिटं, सगळे शब्द बँडचा बेसवादक रॉजर वॉटर्सचे. खालचा अनुभव सात महिने, आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्यानंतरचा आहे. नुसते शब्द वाचले तर अल्बम थोडा उपदेशकच वाटतो. वेळ दवडू नका, पैसा वाईट, युद्ध वाईट, मरण सगळ्यांनाच आहे. हे सांगायला चार माणसं आणि अॅबी रोडचा स्टुडिओ कशाला हवा? खरा अर्थ दोन गाण्यांच्या सांध्यात आहे. कशानंतर काय येतं आणि कोणाच्या आवाजात येतं, तिथे लक्ष ठेवलं की हीच साधी वाक्यं वेगळी ऐकू येतात.

म्हणून आधी सेटिंग. शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात विरवणं) शून्य, गॅपलेस (मध्ये फट न ठेवणं) चालू. जुन्या एमपीथ्री फाइली असतील तर गाण्यांच्या मध्ये बारीकशी फट पडते, कारण फाइल बनताना तिच्या टोकांना थोडी रिकामी जागा भरली जाते. एरवी ते खपून जातं, इथे सांधाच तुटतो. आवाज समान करणारी सोय 'अल्बम'वर ठेवा किंवा बंद करा. ती 'ट्रॅक'वर असेल तर हळू गाणी वर उचलली जातात आणि चढ-उतार सपाट होतो. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे सुरुवातीचे हृदयाचे ठोके ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवणं. मग 'टाइम'मधली गजरांची घड्याळं कानाचे पडदे फाडतात. आवाजाची पातळी 'ब्रीद'च्या पहिल्या ओळीवर लावावी, ठोक्यांवर नाही. फोनच्या स्पीकरवर ऐकण्यात अर्थ नाही. 'ऑन द रन'मधली पावलं या कानातून त्या कानात पळतात, ते पळणंच तिथे हरवतं.

'स्पीक टू मी' हा पहिला ट्रॅक म्हणजे अल्बमचा नकाशा आहे. ठोके, घड्याळाची टिकटिक, नाण्यांचा आवाज, हसू, किंकाळी हे सगळं पुढच्या गाण्यांतून उचललेलं, सव्वा मिनिटात. (ठोके खऱ्या हृदयाचे नाहीत, दाबून वाजवलेल्या बेस ड्रमचे आहेत.) पहिल्या दिवशी तो गोंगाट वाटतो. पंधरा-वीस वेळा ऐकल्यावर कळतं की माणूस जन्माला यायच्या आधीच त्याच्यावरची सगळी ओझी मोजून ठेवलेली आहेत. त्यानंतर 'ब्रीद' श्वास घ्यायला सांगतं, तर 'ऑन द रन' श्वास घेऊच देत नाही. सिंथेसायझरवर आठ स्वरांची एक ओळ वेग वाढवून फिरत ठेवली आहे, तिच्यावर विमानतळावरची घोषणा, धावती पावलं आणि शेवटी स्फोट. या ट्रॅकचा 'अर्थ' शोधण्यात फार वेळ घालवू नये. सततच्या प्रवासाची धास्ती आहे ती, बास.

'टाइम'वर मात्र थांबायला हवं. घड्याळं ध्वनिमुद्रक अॅलन पार्सन्सने वेगळ्याच कामासाठी, एकेक करून टेपवर घेतलेली होती. ती एकदम वाजून थांबतात आणि मग काहीच सुरू होत नाही. तुटक ड्रम, टिकटिकणारी बेस, लांबवर विरणारे सूर, असं चालत गाणारा आवाज यायला जवळपास अडीच मिनिटं जातात. गाणं सात मिनिटांचं. म्हणजे ऐकणारा एक तृतीयांश गाणं 'आता सुरू होईल' म्हणत बसून राहतो. मग शब्द येतात आणि नेमकं तेच म्हणतात : कोणी सांगेल म्हणून वाट बघत बसलास, दहा वर्षं मागे पडली, शर्यत सुटल्याची खूणच तुला कळली नाही. गाण्याने तुम्हाला आधी तसं बसवलं आणि मग तुमच्याविषयी सांगितलं. सुरुवात लांबलेली वाटते म्हणून पुढे सरकवणारे लोक ही गंमत घालवून बसतात.

याच ट्रॅकच्या शेवटी 'ब्रीद'ची चाल परत येते. अनेक ठिकाणी ती वेगळी दाखवलेली नसल्यामुळे निसटून जाते. माणूस दमून घरी येतो, शेकोटीजवळ हाडं शेकतो, लांबून देवळातल्या घंटेचा आवाज येतो. अल्बममधली ही एकमेव उबदार जागा. आणि ती घंटा ज्यांना बोलावते त्यांच्या मागोमाग आपण थेट मरणाच्या गाण्यात जातो. 'द ग्रेट गिग इन द स्काय'च्या जागी सुरुवातीच्या मैफलींत बायबलमधले उतारे वाचलेले ऐकवत असत. हे कळल्यावर घंटेचा सांधा नीट बसतो. पुढे तिथला धर्म काढून टाकला आणि उरलं ते क्लेअर टॉरी या गायिकेचं शब्दांवाचून गाणं.

हे गाणं दुःखाचं की शांतीचं, यावर वाद घालण्यात हशील नाही. ऐकताना तीन टप्पे धरा : आधी प्रतिकार, मग आक्रोश, शेवटी आवाज खाली येत जवळजवळ बोलण्याइतका होतो. पियानोवर सुरुवातीलाच एक पुरुष सांगतो की मरायची भीती वाटत नाही, कधी ना कधी जायचंच. एवढं समंजस बोलणं झाल्यावर गळ्यातून जे निघतं ते समंजस नाही. बोललेलं आणि गायलेलं यांतली ही दरी हाच त्या गाण्याचा विषय. टॉरी त्या वेळी २५ वर्षांची होती आणि एका सत्राच्या मानधनावर गायली. २००५ मध्ये झालेल्या तडजोडीनंतर संगीतकार म्हणून तिचं नाव लागू लागलं. ऐकून झाल्यावर ते रास्तच वाटतं.

इथे रेकॉर्डची पहिली बाजू संपते. मूळ रचनेत उठून तबकडी उलटावी लागे, आणि त्या शांततेनंतर पहिला आवाज नाण्यांचा. मरण झालं, आता हिशेब! स्ट्रीमिंगवर ही शांतता मिळत नाही. स्वतः पॉज दाबून अर्धा मिनिट थांबा, फरक पडतो.

'मनी'मध्ये सात आवाजांची टेप गोल फिरते, त्यावर सात मात्रांचं आवर्तन. सात म्हणून रूपक ताल धरून टाळी द्यायला जाल तर फसाल, वजन वेगळ्या जागी पडतं. सॅक्सोफोन सातातच वाजतो, पण तीन मिनिटं उलटल्यावर गिटारसाठी सगळं चार मात्रांत येतं. यावर 'पैशाची अडखळती चाल सोडून माणूस मोकळा होतो' असा सुंदर अर्थ लावता येतो. मात्र सांगितलं जाणारं कारण साधं आहे, सातात सोलो वाजवणं अडचणीचं होतं. प्रत्येक खिळ्यावर अर्थाचा कोट टांगू नये. सात महिन्यांत सर्वांत आधी जुनं झालं ते हेच गाणं. उपरोध 'मी' म्हणत केलेला आहे, तो न कळता हे पैशाचं कौतुक म्हणून ऐकलं तर पुढचं 'अस अँड देम' तुटक वाटतं.

त्या गाण्याची चाल बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइटने आधी इटालियन दिग्दर्शक अँटोनिओनीच्या एका चित्रपटासाठी केली होती. ती तिथे नाकारली गेली. इथे शब्दांमागून त्यांचे प्रतिध्वनी येतात आणि 'आपण' व 'ते' यांच्या मधली जागा प्रत्यक्ष ऐकू येते. कडवी कुजबुजती, ध्रुपद अंगावर येणारं. शेवटी युद्ध बाजूला राहतं आणि चहा-पावाच्या पैशांवाचून एक म्हातारा मरतो. 'मनी'चं उत्तर ते हे. 'एनी कलर यू लाइक'मध्ये शब्द नाहीत. नाव 'हवा तो रंग निवडा' म्हणतं आणि निवडायला काहीच देत नाही, इतपत अर्थ पुरे. मला तो ट्रॅक भरीचा वाटतो.

शेवटच्या दोन गाण्यांत एक बदल होतो आणि तो सहज लक्षात येत नाही. तोवर गाणारा मुख्यतः गिटारवादक डेव्हिड गिल्मर, सोबत राइट. 'ब्रेन डॅमेज' आणि 'इक्लिप्स' वॉटर्स स्वतः गातो. ज्याने सगळं लिहिलं तो इतका वेळ इतरांच्या गळ्यातून बोलत होता. वेडाची गोष्ट आल्यावर तो पुढे येतो. वेडा आधी गवतावर, मग घराच्या दिवाणखान्यात, मग डोक्यात. अंतर कडव्यागणिक कमी होतं. १९६८ मध्ये बँड सोडावा लागलेल्या सिड बॅरेटची, म्हणजे बँडच्या पहिल्या मुख्य गायकाची, सावली इथे आहेच, पण अख्खा अल्बम त्याच्यावरचा आहे असं धरलं की 'टाइम' आणि 'मनी' कुठेच बसत नाहीत. एका जुन्या चित्रपटाशी हा अल्बम जुळवून बघण्याचा खेळही चालतो. बँडने तो संबंध नाकारलेला आहे. करमणूक म्हणून बघा.

अधूनमधून ऐकू येणारं बोलणंही शब्दांइतकंच महत्त्वाचं, आणि छापील शब्दांत ते बहुधा नसतं. वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहून स्टुडिओतल्या लोकांना विचारले होते : शेवटचं कधी हात उचललात, तेव्हा तुमचं बरोबर होतं का, मरणाची भीती वाटते का. बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीचीही उत्तरं घेतली, पण ती वापरली नाहीत.

मुखपृष्ठाचा फोनवर दिसणारा चौकोन अपुरा आहे. लोलकातून निघालेले रंग (सात नव्हे, सहा, पारवा गाळलेला) उघडणाऱ्या कव्हरच्या आत पुढे जातात आणि तिथे हिरव्या पट्ट्यात हृदयाच्या ठोक्यांची रेघ उमटते. मागच्या बाजूला उलटा लोलक. कव्हर पूर्ण उघडून बघितलं की शेवटाचे ठोके पहिल्या ठोक्यांना का जोडायचे ते डोळ्यांना कळतं.

'इक्लिप्स' संपलं की ठोक्यांवर आवाज थोडा वाढवा. स्टुडिओचा दारवान जेरी ओड्रिस्कल सांगतो की चंद्राला काळी बाजू अशी नसतेच, तो सगळाच काळा. शीर्षकच मोडून टाकणारं वाक्य, तेही दारवानाच्या तोंडी. खगोलाच्या दृष्टीनेही गंमत आहे. सूर्यग्रहणाच्या वेळी अंधारात असते ती आपल्याकडे तोंड केलेली बाजू. पलीकडच्या बाजूवर तेव्हा लख्ख ऊन असतं.