अमळनेरच्या ह्या मेसचा डबा, आईचा अनुभव

आई अमळनेरला एकटी राहते, मी पुण्यात. लॉकडाऊनच्या आधी ती दुपारी ह्या मेसमधेच जेवायला जायची, तिच्या वयाचे आठ-दहा जण एका टेबलावर, जेवण थोडं आणि गप्पाच जास्त. २५ मार्च २०२० पासून सगळं बंद, आईकडे फोन साधा बटणांचा म्हणजे ऑनलाइन मागवणं शक्यच नाही, मला तर काही सुचेना. तिसऱ्या दिवशी मेसच्या काकूंचाच फोन आला, ताई मायची काळजी नका करू, डबा आम्ही पोचवतो.

सुरुवातीला गडबड झाली तेही सांगते. मुलगा बेल वाजवून डबा गेटला अडकवून जायचा, आईला ऐकू कमी येतं, डबा तासभर उन्हातच, आपल्याकडचा एप्रिल माहितीय ना, वरण आंबलं. मी फोन केला तर वाद न घालता दुसऱ्या दिवसापासून निघताना आधी आईला रिंग आणि ती डबा हातात घेईपर्यंत मुलगा लांब उभा. मास्कमुळे आईला ओठ दिसायचे नाहीत म्हणून त्याने पाटीच आणली, खडूने मोठ्या अक्षरात "आज भेंडी, भाकरी, कढी" लिहून दाखवायचा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं!!

डबे दोन ठेवलेले, कालचा धुवून पिशवीत. दाताचा त्रास म्हणून कळण्याच्या भाकरीऐवजी मऊ खिचडी, शुगर म्हणून गोड बंद. पैसे वहीत मांडून ठेवायचे, पोस्टमन घरी येऊन आधारवर अंगठा घेऊन पेन्शनचे पैसे देऊन गेला की मग आई द्यायची, कधी तगादा नाही.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटला तो मेसमधून येणारा संध्याकाळचा फोन. "कशी शे माय, गोळी घेतली का?" दोनच मिनिटं. एकदा आईने उचलला नाही तर मुलगा लगेच घरी, तिला चक्कर आलेली, पाणीच प्यायली नव्हती दिवसभर. त्याने शेजारच्यांना बोलावलं मग मला कळवलं. १ मार्च २०२१ ला साठीच्या पुढच्यांची लस सुरू झाली तेव्हा कोविनवर एका नंबरवरून चार जणांची नोंदणी व्हायची, त्याने स्वतःच्या नंबरवरून आईची आणि शेजारच्या काका-काकूंची केली.

एक स्टार कमी दिला तो तेलासाठी. शेवभाजीला तर्री एवढी असते की म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही, सांगितलं की चार दिवस कमी आणि परत तेच. काकू, हे वाचत असाल तर प्लीज बघा.

आता आई परत मेसमधे जाते, त्या टेबलावरचे तिघं राहिले नाहीत, पण संध्याकाळचा फोन त्यांनी अजून बंद केलेला नाही. कोणाला आईवडिलांसाठी डबा लावायचा असेल तर सकाळी नऊच्या आत फोन करा, नंतर फोडणीच्या घाईत उचलत नाहीत.