दुधाच्या दाढेवर स्टीलची कॅप: आठ महिन्यांचा हिशेब

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी लेकीने तिळाची वडी चावली आणि वडीला चिकटून कॅपच बाहेर आली. साडेपाच हजारांची दाढ, वडीच्या तुकड्यात!

जूनमध्ये त्या दाढेचं रूट कॅनल करून कॅप बसवली तेव्हाच आई म्हणाली होती, "दुधाचा दात, पडणारच आहे, कशाला पैसे घालतोस?" मलाही पटत होतं. पण हिरडीवर पुवाची पुळी, रात्रभर रडणं. आणि पोरगी सहा वर्षांची. ती मागची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत लागते. आत्ताच काढली तर मागून येणारी पक्की दाढ पुढे सरकते आणि दुधाच्या दाढेखालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा खाते. मग जागा राखायला तार, तिचा खर्च वेगळा. म्हणून रूट कॅनल. मुलांच्या दाढेत पेस्ट भरतात, ती मुळांबरोबर विरघळते, मोठ्यांसारखं रबर नाही. झिर्कोनियाची पांढरी कॅप जवळपास दुप्पट सांगितली. म्हटलं, मागची दाढ कोण बघतंय? स्टीलच बसवा.

तर कॅप डबीत घालून सिडकोहून गंगापूर रोडला, दातांच्या दवाखान्यात. काउंटरवर "परत बसवायचे सहाशे" ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. दहा मिनिटं भांडलो. मिक्सरला गॅरंटी असते, हिला नाही? मग त्यांनी जूनचा कागद काढला. "चिकट पदार्थ देऊ नयेत", खाली माझीच सही. तीनशेवर मिटलं. तरी तीनशे का, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

इथपर्यंतचं तेव्हाच रागात लिहून ठेवलं होतं. आता महिना होऊन गेला. नव्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये मुळं स्वच्छ आहेत, पुळी परत आली नाही, पोरगी त्याच बाजूने चिवडा चावते. शाळेत "माझा चांदीचा दात" म्हणून तोंड उघडून दाखवते, म्हणजे झिर्कोनियाचे पैसे वाचले ते बरंच झालं. अकराव्या वर्षापर्यंत टिकली तर महिन्याला शंभराच्या आत पडते. तीनशे धरून.

धाकट्याचे दात किडू नयेत म्हणून त्याची झोपतानाची दुधाची बाटली मात्र बंद केली. दोन रात्री रडला. वड्यांचा डबा अजून अर्धा आहे, मीच संपवतोय.