ऑलिव्हचं रोप घेतलं, झाड एक नंबर पण माहिती शून्य (3 स्टार)

जळगावजवळच्या एका नर्सरीतून 2021 च्या पावसाळ्यात ऑलिव्हचं रोप आणलं, साडेचारशे रुपयाला. नर्सरीचं नाव टाकत नाही, मालक ओळखीचा आहे आणि माणूस वाईट नाही. रोपाबद्दल तक्रार नाहीच, मुळी मस्त होती, आपला 45 डिग्रीचा मे महिना तीनदा काढला पठ्ठ्याने, पानं खालून चंदेरी, येणारा-जाणारा विचारतो हे काय झाड आहे भो.

तक्रार आहे फळांची. घेताना "तीन वर्षांत फळ, गॅरंटी" असं सांगितलेलं. यंदा फेब्रुवारीच्या शेवटी पहिल्यांदा मोहोर आला, पानांच्या बेचक्यात तुरे, ज्वारीच्या दाण्याहून बारीक पांढरट कळ्या, बायकोने लोणच्याची बरणी धुवून ठेवली. पंधरा दिवसात सगळं ओट्यावर झडलं आणि फळ एक नाही. फोन केला तर म्हणे बोरॉन मारा, म्हणजे फळ धरावं म्हणून फवारायचं खत. आता फुलं गळाल्यावर बोरॉन कोणाला मारू, ओट्याला?

मग स्वतःच वाचत बसलो. आंब्याच्या मोहोरासारखंच ह्यातही काही फुलं नुसती नर असतात, फळ धरणारा भाग आतच वाळतो, आणि कळी बनताना झाडाला पाणी कमी पडलं की अशी वांझ फुलं वाढतात. इथे चूक माझी, मोसंबीला पाणी तोडून फुलं आणतो, म्हणजे आंबिया बहार धरतो, तसं डिसेंबर-जानेवारीत ह्याचंही पाणी तोडलं होतं!! तसं शंभर फुलांत एक-दोन फळं टिकली तरी ऑलिव्हचं पीक भरघोस धरतात, म्हणजे फूलगळ होणारच, पण माझ्याकडे शंभरात शून्य.

दुसरं म्हणजे ह्याचा पराग वाऱ्यावर जातो आणि बऱ्याच जातींना जवळ दुसऱ्या जातीचं झाड लागतं. राजस्थानात इस्रायलहून रोपं आणली तीपण अर्बेक्विना, बार्निया, कोरोनेकी अशी वेगवेगळी, वर तिकडची थंडी कडक, आणि थंडीशिवाय हे झाड फुलावर येत नाही. माझ्या पिशवीवर नुसतं "ऑलिव्ह" लिहिलेलं, जात कोणती ते मालकालाही माहीत नाही, मग जोडीला कोणतं लावू?

परवा जाऊन हे सगळं सांगितलं, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणे भाऊ तुम्ही पेरू न्या.