रात्री गाडी कुठे उभी असते, या एका ओळीवर माझा इन्शुरन्स रद्द झाला

भारतातून नुकतेच इंग्लंडला आलेल्या आणि पहिलीच गाडी घेणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितेय. माझ्यासोबत जे झालं ते तुमच्यापैकी एकाचं जरी टळलं तरी खूप.

मी पूर्व लंडनमधल्या इलफर्डला राहते, नर्स आहे. जानेवारी २०२४ मध्ये आले. भारतातल्या लायसन्सवर इथे १२ महिनेच गाडी चालवता येते, म्हणून पुन्हा थिअरी आणि प्रॅक्टिकल देऊन डिसेंबरमध्ये इथलं लायसन्स काढलं. पहाटेच्या ड्युटीला बस बदलत जायचा कंटाळा आला होता, म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये २०१३ ची टोयोटा ऑरिस हायब्रिड घेतली. गाडी मिळाली पटकन, पण इन्शुरन्सचा आकडा बघून पोटात गोळा आला. वर्षाला २,३४० पौंड! सांगलीत मी ९ वर्षं एकही क्लेम न करता गाडी चालवली, पण तिथला नो क्लेम बोनस इथल्या बहुतेक कंपन्या धरत नाहीत. त्यांच्या लेखी मी दोन महिन्यांपूर्वी गाडी शिकलेली बाई.

शिवाय इथे एक प्रश्न असतो जो आपल्याकडे कुणी विचारत नाही: रात्री गाडी कुठे उभी असते? आपल्याकडे गाडीचं पासिंग मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरातलं आहे की बाकीच्या भागातलं, एवढ्यावरून झोन ठरतो आणि विषय संपतो. इथे पोस्टकोड द्यावा लागतो. त्या भागात चोऱ्या किती, अपघात किती, क्लेम किती, हे कंपन्या त्यावरून बघतात. मग गाडी गॅरेजमध्ये, घराच्या आवारात की रस्त्यावर, हे वेगळं विचारतात. लंडनच्या रस्त्यावर रात्रभर उभी असणारी गाडी कुणी ठोकून जाईल, कुणी फोडेल. डेव्हनमधल्या एखाद्या छोट्या गावात ती भीती कमी, म्हणून तिथले हप्तेही कमी. हे गणित मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ज्याला चांगलं ठाऊक होतं तो मला भेटला.

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने नंबर टाकला होता, ‘आपला माणूस आहे, इन्शुरन्स स्वस्तात करून देतो’ म्हणून. मी फोन केला. छान मराठी बोलला, मूळचा मिरजेचा म्हणाला. सांगलीच्या माणसाला परदेशात मिरजेचं कुणी भेटलं की काय वाटतं ते सांगायला नको. ‘ताई, तुम्ही एकट्या एवढ्या लांब आलाय, कशाला लुटून घेता? माझ्याकडे ब्रोकरचा रेट असतो. ११८० मध्ये बसवतो.’ मी विचारलं, ‘दादा, सगळं कायदेशीर आहे ना?’ तर म्हणाला, ‘तुम्ही स्वतःच सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकून बघा. दिसली तरच पैसे पाठवा.’

या एका वाक्यावर मी फसले. दुसऱ्या दिवशी विमा असलेल्या गाड्यांच्या राष्ट्रीय नोंदीत नंबर टाकून पाहिला, गाडी विमा असलेली दिसली. त्याने सर्टिफिकेटही पाठवलं, नावाजलेल्या कंपनीचं. नाव माझं, गाडीचा नंबर माझा, तारखा बरोबर. मी ११८० पौंड त्याच्या खात्यात टाकले. खातं कुठल्या फर्मचं नव्हतं, एका व्यक्तीचं होतं. तिथे तरी थांबायला हवं होतं.

सात महिने काहीच झालं नाही. सप्टेंबरमध्ये एका सकाळी सव्वासहाला निघाले. हायब्रिड असल्याने सुरू करताना आवाज येत नाही. कोपऱ्यावर इंजिन लागलं आणि ट्रॅक्टरसारखा धडधडाट सुरू झाला. खाली वाकून बघितलं तर एक्झॉस्टचा पाइप दोन ठिकाणी कापलेला, कडा चकचकीत, मधला तुकडाच नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग, चोरीला गेला होता. त्यात पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात, म्हणून जुन्या हायब्रिड गाड्यांवर चोरांचा डोळा असतो. समोरच्या आजींनी रात्री तीनच्या सुमारास करवतीचा आवाज ऐकला होता, त्यांना वाटलं रस्त्याचं काम चाललंय. गॅरेजवाल्याने १,२५० पौंड सांगितले. मनात म्हटलं, इन्शुरन्स आहे ना.

क्लेमसाठी फोन लावला. पलीकडच्या बाई शांतपणे एकेक विचारत होत्या. चोरी झाली तेव्हा गाडी कुठे होती? म्हटलं, घरासमोर, रस्त्यावर, नेहमीच्या जागी. पोस्टकोड? मी सांगितला. कीबोर्डचा आवाज थांबला. त्यांनी पोस्टकोड पुन्हा विचारला, मी पुन्हा सांगितला. मग त्या म्हणाल्या, आमच्या नोंदीप्रमाणे तुम्ही बार्नस्टेपलला राहता आणि गाडी रात्री कुलूपबंद गॅरेजमध्ये असते.

बार्नस्टेपल उत्तर डेव्हनमध्ये आहे, इथून गाडीने चार तासांच्या वर. मी तिथे आयुष्यात कधी गेलेले नाही.

पुढे सगळं उलगडत गेलं. पॉलिसी खरी होती, कंपनी खरी होती. फक्त पत्ता खोटा, गॅरेज खोटं आणि ५ वर्षांचा नो क्लेम बोनसही खोटा. संपर्काला दिलेला ईमेल त्याने माझ्या नावाने उघडलेला, त्यामुळे कंपनीचं एकही पत्र मला मिळालं नव्हतं. त्याने पॉलिसी ५९० पौंडांना घेतली होती, उरलेले पैसे त्याच्या खिशात. अशा लोकांना इथे घोस्ट ब्रोकर म्हणतात. काहीजण सर्टिफिकेटच बनावट बनवून देतात. काहीजण खरी पॉलिसी काढतात, ती लगेच रद्द करतात आणि परतावा खातात. माझ्यासोबत झाला तो तिसरा प्रकार, पॉलिसी खरी पण माहिती खोटी. मला तो सगळ्यात घातक वाटतो, कारण गाडी नोंदीत दिसत राहते आणि आपण निर्धास्त फिरतो.

आता कळकळीने सांगते ते नीट वाचा. सर्टिफिकेटवर पत्ता नसतो. गाडी रात्री कुठे असते हेही नसतं. ते असतं ‘स्टेटमेंट ऑफ फॅक्ट’ नावाच्या वेगळ्या कागदात. तुमच्या नावाने दिलेलं प्रत्येक उत्तर त्यात छापलेलं असतं. मला त्याने तो कागद कधी दाखवलाच नाही आणि असा कागद असतो हे माहीत नसल्याने मीही मागितला नाही. आज तुमच्याकडे तो नसेल, तर कंपनीचा नंबर कंपनीच्या वेबसाइटवरून घेऊन थेट फोन करा आणि फक्त दोन गोष्टी विचारा: माझा पत्ता काय लिहिलाय, आणि रात्रीचं पार्किंग काय लिहिलंय.

कंपनीने पॉलिसी पहिल्या दिवसापासून रद्द धरली. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्यात निष्काळजीपणाने दिलेली चुकीची माहिती वेगळी आणि जाणूनबुजून दिलेली वेगळी. जाणूनबुजून असेल तर कंपनी क्लेम नाकारते आणि हप्ताही ठेवून घेऊ शकते. माझ्यावर आधी तोच शिक्का बसला. ते पत्र वाचून मी दोन रात्री झोपले नाही, कारण नर्सच्या नोकरीत प्रामाणिकपणावर बोट ठेवलं गेलं तर पुढे काय, हा विचार डोक्यातून जाईना. मी सगळे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, बँकेचं स्टेटमेंट, घराचा भाडेकरार आणि रेसिडेंट पार्किंगचं परमिट जोडून लेखी तक्रार केली. नाही ऐकलं तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे विमा-बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेकडे जाईन, असंही लिहिलं. तिथे ग्राहकाला एक पेनीही द्यावी लागत नाही. दीड महिन्याने ‘जाणूनबुजून’ हा शब्द काढला गेला. क्लेम मात्र मिळाला नाही.

बँकेचा अनुभव त्यामानाने बरा. ऑक्टोबर २०२४ पासून इथे नियम आहे की फसवून ऑनलाइन पैसे पाठवायला लावले असतील तर १३ महिन्यांच्या आत बँकेकडे दावा करता येतो. बँक त्यातून जास्तीत जास्त १०० पौंड कापू शकते. मला १,०८० परत मिळाले. म्हणून लाजून गप्प बसू नका, पहिला फोन बँकेला करा. पोलिसांकडेही तक्रार केली. सिटी ऑफ लंडन पोलिसांचा फक्त विम्याच्या फसवणुकीसाठी एक विभाग २०१२ पासून आहे. इन्शुरन्स फ्रॉड ब्युरोच्या चीटलाइनवर नाव न सांगताही कळवता येतं.

त्याच माणसाकडून पॉलिसी घेतलेला एक मुलगा नंतर मला भेटला, शिकायला आलेला, जेमतेम तेवीस वर्षांचा. त्याची पॉलिसी कंपनीने परस्पर रद्द केली होती आणि पत्रं गेली होती त्याच खोट्या ईमेलवर. पोलिसांच्या कॅमेऱ्याने नंबरप्लेट टिपली आणि गाडी जागेवरच उचलून नेली. सोडवायचे १९२ पौंड, वर ठेवण्याचे दिवसाला २६. विम्याशिवाय गाडी चालवल्याचा दंड ३०० पौंड आणि लायसन्सवर दंडाचे ६ पॉइंट. टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्सच रद्द होतं, म्हणजे पुन्हा थिअरी, पुन्हा प्रॅक्टिकल. रात्री पिझ्झा पोहोचवून तो फी भरत होता, ते कामही गेलं. त्याने घरी आईला अजून सांगितलेलं नाही.

मला आता प्रत्येक फॉर्मवर ‘तुमची पॉलिसी कधी रद्द झाली होती का’ याला ‘हो’ लिहावं लागतं. नवीन हप्ता २,८९० पौंड आला. गाडीत ब्लॅक बॉक्स (आपण गाडी कशी चालवतो ते कंपनीला कळवणारं यंत्र) बसवून आणि ऐच्छिक एक्सेस (क्लेममधली आपण स्वतः भरायची रक्कम) वाढवून तो २,२०० च्या आसपास आणला. स्वस्त करायचे खरे मार्ग हेच आहेत. एक ओळखीचे काका परवा म्हणाले, त्यांनी फॉर्ममध्ये ‘गॅरेज’ लिहिलंय आणि गॅरेजमध्ये जुना सोफा आणि मुलांच्या सायकली आहेत. काकांना मी हात जोडून सांगितलं, आजच फोन करून बदला. कंपनी विचारते ते गाडी बहुतेक रात्री कुठे असते ते. एखादी रात्र मित्राकडे राहिलात तर प्रश्न नाही, पण रोज रस्त्यावर लावून गॅरेज लिहू नका. घर बदललंत तर त्याच दिवशी कळवा.

आणि मध्यस्थाकडूनच घ्यायचं असेल तर फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या इथल्या नियामक संस्थेच्या रजिस्टरमध्ये आधी त्याचं नाव शोधा आणि तिथे दिलेल्या नंबरवरच फोन करा. ज्याचा सगळा धंदा व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो त्याचं नाव तिथे सापडणार नाही.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका मराठी ग्रुपवर मेसेज आला. नंबर नवा, फोटो नवा. खाली लिहिलं होतं, ‘दिसली तरच पैसे पाठवा’. मी लगेच ग्रुप अ‍ॅडमिनला फोन केला, पण तोवर चौघांनी त्याला विचारून झालं होतं.