नळाला मीटर की सरसकट पट्टी? हात वर करण्याआधी

ग्रामसभेत मीटरचा विषय निघाला की एक जण हमखास म्हणतो, "फुकट मिळालं की माणूस नासतोच." दुसरा म्हणतो, "आता पाण्याचंबी बिल घेणार व्हय?" कराड तालुक्यातल्या आमच्या गावात सध्या हेच चाललंय.

सरसकट पट्टी म्हणजे वर्षाला ठरलेली रक्कम भरा, मग घागरभर घ्या नाहीतर टाकीभर. एकदा पट्टी भरली की पुढचं सगळं फुकटच. नासाडी होते, खोटं कशाला बोला. पण ती कशी होते ते बघा. आमच्याकडं पाणी एक दिवसाआड, पहाटे. नळ सुटला की आई आधी बॅरलमधलं परवाचं उरलेलं पाणी मोरीत ओतते, कारण ते 'शिळं'. मग बॅरल पुन्हा काठोकाठ भरते, कारण परवा येईल न येईल. गल्लीतल्या तीन नळांना तर तोट्याच नाहीत. यात फुकटेपणा किती आणि बेभरवसा किती?

शेतातही तेच. 2024 पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. पण मोटारीला ऑटो स्विच बसवून झोपायची सवय त्याच्या कितीतरी आधीची, लाइट कधी येईल याचा नेम नाही म्हणून लागलेली. उसाच्या सरीत रात्रभर पाणी चालू. कृष्णाकाठी वाळवा, पलूस, मिरजेकडची क्षारपड, म्हणजे मीठ फुटून नापीक झालेली रानं बघितली की जास्तीच्या पाण्याची किंमत कळते.

उलट रेशन बघा. आधी तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये किलो होता. 1 जानेवारी 2023 पासून फुकट. म्हणून आमच्या घरी कुणी चपाती जास्त खाल्ली नाही. माणशी 5 किलो, माप ठरलेलं.

मीटरचं उदाहरण कराडला खेटूनच आहे, मलकापूर. चोवीस तास पाणी, घरोघरी मीटर, जास्त वापराला चढा दर. नळ कधीही सोडता येतो, मग भरून ठेवतंय कोण? पण त्याची नक्कल उलट्या क्रमानं केली तर फसगत. पाणी एक दिवसाआडच ठेवून मीटर बसवले, की नळ सुटताना पाइपातली हवाच काटा फिरवते आणि बिल येतं हवेचं. शिवाय चढा दर घरटी लावला, तर आठ माणसांचं एकत्र घर मार खातं आणि दोघांचा बंगला बागेला पाणी मारूनही सुटतो.

तिसरा पर्याय, ठरावीक पाणी मोफत आणि पुढं मीटर. दिल्लीत 2015 साली मीटर असलेल्या घरांना महिन्याला 20 हजार लिटर मोफत झालं, पण हद्द ओलांडली की बिल सगळ्या पाण्याचं. ती अट आपण घेऊ नये. जास्तीचं तेवढंच मोजावं. जल जीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर, म्हणजे पाच माणसांच्या घराला महिन्याला 8,250. म्हशींचं पाणी यात धरायचं का, यावर ग्रामसभा तासभर भांडेल. भांडू द्या.

माझा हात या तिसऱ्याला. फक्त ठरावात क्रम लिहून घेईन: आधी तोट्या, मग रोज पाणी, आणि मीटर शेवटी.

आईला विचारलं, चोवीस तास पाणी आलं तर बॅरलचं काय करशील? म्हणाली, "गहू भरीन."